शाळांचा पैसा, कंपन्यांचं क्रेडिट : कार्बन ऑफसेटवर वाचकांचे प्रश्न

सरकारी संस्थांनी आपल्या उत्सर्जनाची भरपाई म्हणून पैसे भरायचे आणि त्या पैशातून दुसऱ्याच कुणीतरी उत्सर्जन कमी करायचं, या व्यवस्थेबद्दल आलेल्या पत्रांतले काही निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेक पत्रांत कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा उल्लेख आहे, म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : ब्रिटिश कोलंबियात शाळा आणि रुग्णालयांकडून पैसे घेऊन ते गॅस कंपनीला दिले गेले, असं वाचनात आलं. हे अतिरंजित आहे की खरोखर असं घडलं?

घडलं. २००७ साली प्रांताने हरितगृह वायूंच्या उद्दिष्टांचा कायदा केला. त्यानुसार २०१० पासून मंत्रालयं, शालेय मंडळं, विद्यापीठं, आरोग्य संस्था आणि सरकारी महामंडळं अशा सगळ्या सार्वजनिक कारभाराने ‘कार्बन न्यूट्रल’ असणं बंधनकारक झालं. प्रत्येक संस्थेने आपल्या इमारती, वाहनं आणि कागद यांमुळे होणारं उत्सर्जन मोजायचं, जमेल तेवढं कमी करायचं आणि उरलेल्या प्रत्येक टनामागे २५ कॅनेडियन डॉलर पॅसिफिक कार्बन ट्रस्टकडे भरायचे. हा ट्रस्ट म्हणजे २००८ मध्ये स्थापन झालेलं सरकारी महामंडळ. संस्थांकडून आलेल्या पैशातून तो प्रांतातल्या प्रकल्पांकडून ऑफसेट, म्हणजे उत्सर्जन टाळल्याची क्रेडिट, विकत घेई. २०१० या पहिल्या वर्षासाठी सुमारे ७ लाख ३० हजार टनांची क्रेडिट लागली आणि त्यापोटी १ कोटी ८२ लाख डॉलर भरले गेले. त्या जोरावर सरकारने उत्तर अमेरिकेतला पहिला कार्बन न्यूट्रल सरकारी कारभार आपलाच, असा दावा केला.

एका शाळेच्या पातळीवर याचा अर्थ काय, ते पाहा. वर्षाला २,००० गिगाज्यूल (गिगाज्यूल हे ऊर्जेचं एकक) नैसर्गिक वायू जाळणारी शाळा धरा. एक गिगाज्यूल जाळला की साधारण ५० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे वर्षाला १०० टन. ऑफसेटचे २,५०० डॉलर झाले. त्याच वायूवर प्रांताचा कार्बन करही होता. २०१२ मध्ये त्याचा दर टनाला ३० डॉलर होता, म्हणजे आणखी ३,००० डॉलर. एकूण ५,५०० डॉलर शाळेच्या अंदाजपत्रकातून बाहेर गेले आणि बॉयलर जुना होता तसाच राहिला. विरोध पेटला तो इथे. पर्यावरणासाठी खर्च करायला पालकांची किंवा शिक्षकांची ना नव्हती. ज्या पैशातून शाळेची गळकी खिडकी बदलता आली असती, तोच पैसा नैसर्गिक वायू काढणाऱ्या कंपनीकडे जातो, हे त्यांना पटत नव्हतं.

प्रश्न : महालेखापरीक्षकांनी नेमका कशावर ठपका ठेवला? ‘हा प्रकल्प तसाही झालाच असता’ असं नंतर कुणी कसं सिद्ध करू शकतं?

प्रांताचे महालेखापरीक्षक जॉन डॉयल यांचा अहवाल मार्च २०१३ मध्ये आला. त्यांनी दोन मोठे प्रकल्प तपासले. २०१० साठी घेतलेल्या क्रेडिटपैकी सुमारे ७० टक्के या दोन प्रकल्पांतून आली होती आणि त्यांवर जवळपास ६० लाख डॉलर खर्च झाले होते. दोन्ही विश्वासार्ह नाहीत, त्यामुळे कार्बन न्यूट्रल असल्याचा सरकारचा दावाही अचूक नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

पहिला प्रकल्प डार्कवुड्स. प्रांताच्या आग्नेय भागातलं सुमारे ५५ हजार हेक्टर खासगी जंगल नेचर कॉन्झर्व्हन्सी ऑफ कॅनडा या संवर्धन संस्थेने २००८ मध्ये विकत घेतलं. क्रेडिटचा हिशेब असा मांडला गेला : संस्थेने जंगल घेतलं नसतं तर ते एखाद्या व्यापारी खरेदीदाराकडे गेलं असतं, त्याने झपाट्याने तोड केली असती आणि ती तोड टळली म्हणून एवढे टन वाचले. पण संवर्धनासाठीच स्थापन झालेली संस्था जंगल विकत घेते, व्यवहार पूर्ण होतो आणि क्रेडिटची विक्री काही वर्षांनी होते, तेव्हा क्रेडिटच्या पैशामुळे जंगल वाचलं असं म्हणायला आधार उरत नाही. ऑफसेटचा विचार आधीपासून होता, असं प्रकल्पाच्या बाजूने सांगितलं गेलं. लेखापरीक्षकांना तो पुरावा पुरेसा वाटला नाही. शिवाय झपाट्याच्या तोडीची जी कल्पना मूळ गृहीतक म्हणून धरली होती, तीही संभाव्य वाटली नाही.

दुसरा प्रकल्प ईशान्येकडच्या फोर्ट नेल्सन भागातला, एनकाना या वायू कंपनीचा. विहीर खोदताना आतल्या द्रवाचा दाब खडकातल्या दाबापेक्षा कमी ठेवायचा, ही तिथली पद्धत. असं केलं की खोदकाम चालू असतानाच वायू वर येतो. तो जाळून न टाकता थेट पाइपलाइनमध्ये सोडला म्हणून क्रेडिट मिळाली. आता कंपनीच्या बाजूने हिशेब करा. जो वायू जळून गेला असता तो विकला गेला, त्याचे पैसे आले. या पद्धतीत खडकाच्या छिद्रांत खोदकामाचा गाळ कमी शिरतो, त्यामुळे विहिरीचं उत्पादनही चांगलं राहतं. जी पद्धत मुळातच फायद्याची आहे ती अमलात आणायला सार्वजनिक पैशाची गरज लागली, हे मान्य होण्यासारखं नव्हतं.

सिद्ध कसं करायचं, हा तुमचा प्रश्न रास्त आहे, कारण न घडलेली गोष्ट मोजता येत नाही. म्हणून तारखा आणि ताळेबंद पाहायचे. गुंतवणुकीचा निर्णय संचालक मंडळाने कधी घेतला? त्या बैठकीच्या टिपणात क्रेडिटच्या उत्पन्नाचा आकडा आहे का? क्रेडिट वगळून प्रकल्पाचा परतावा किती येतो आणि कंपनी एरवी किती परताव्यावर प्रकल्प मंजूर करते? या तीन कागदांवरून बहुतेक वेळा उत्तर मिळतं. ते दाखवायला कुणी टाळाटाळ केली, तर तेही एक उत्तरच समजावं.

प्रश्न : पण या दोन्ही प्रकल्पांची स्वतंत्र संस्थांकडून तपासणी झाली होती. मग सरकारची चूक काय?

तपासणी झाली होती आणि सरकार व ट्रस्ट यांनी बचावात हाच मुद्दा मांडला. ही तपासणी दोन टप्प्यांत होते. आधी प्रकल्पाचा आराखडा ठरलेल्या पद्धतीत बसतो का ते एक संस्था पाहते. नंतर ठरल्याप्रमाणे टन खरोखर वाचले का, याची पडताळणी होते. दोन्ही वेळा फी प्रकल्पवाला देतो आणि तपासणारी संस्थाही तोच निवडतो. एखाद्या संस्थेने तीन प्रकल्प नामंजूर केले, तर चौथा प्रकल्पवाला तिच्याकडे कशाला जाईल? इथे कुणी लाच घेतो असा आरोप नाही. रचनाच अशी आहे की शंकेचा फायदा प्रकल्पाला मिळत जातो.

याहून खोल अडचण पद्धतीत आहे. जंगलात आज किती लाकूड उभं आहे, ते नमुना भूखंड आखून, झाडांचे घेर मोजून बऱ्यापैकी अचूक सांगता येतं. पण क्रेडिट म्हणजे वजाबाकी : आज उभं असलेलं लाकूड वजा ‘प्रकल्प नसता तर उरलं असतं’ ते लाकूड. दुसरा आकडा निव्वळ गृहीतक असतो. गृहीत धरलेली तोड दुप्पट केली की क्रेडिट जवळपास दुप्पट होतात, जंगलात एकही झाड न वाढता. तपासणारा पहिला आकडा टेप लावून तपासतो. दुसऱ्याबाबत तो ‘पद्धतीत बसतो’ एवढंच म्हणू शकतो. डॉयल यांनी पद्धतीच्या पलीकडे जाऊन मूळ निर्णयांची कागदपत्रं पाहिली, म्हणून त्यांचा निष्कर्ष वेगळा आला. आपल्या कुठल्याही अहवालाला हितसंबंधी लोकांकडून इतक्या उघडपणे लक्ष्य केलं गेलं नव्हतं, असं त्यांनी तेव्हा जाहीरपणे नोंदवलं. आमच्या मते त्या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत चिंताजनक बाब आहे.

प्रश्न : ट्रस्टने टनामागे २५ डॉलर घेतले. प्रकल्पांना किती दिले?

व्यावसायिक गुप्ततेचं कारण देऊन प्रकल्पनिहाय दर बराच काळ उघड केले गेले नाहीत. वर दिलेल्या आकड्यांवरून मात्र हिशेब लागतो. ७ लाख ३० हजारांचे ७० टक्के म्हणजे सुमारे ५ लाख ११ हजार टन. ६० लाख डॉलरना या टनांनी भागा, टनामागे १२ डॉलरपेक्षा थोडे कमी येतात. उरलेला सगळा पैसा नफा नव्हे. त्यात इतर महाग प्रकल्प आणि प्रशासनाचा खर्च येतो. पण शाळेने २५ भरले आणि तिच्या वाट्याच्या बहुतांश टनांची खरेदी त्याच्या निम्म्या दरात झाली, हे शाळेला कळायला हवं होतं. इतक्या कमी दरात मिळणारं क्रेडिट हा स्वतःच एक इशारा असतो, कारण मोठ्या भांडवली निर्णयाला त्या रकमेने क्वचितच कलाटणी मिळते.

प्रश्न : एकच टन दोनदा मोजला जातो, म्हणजे काय?

समजा प्रांतातल्या भाजीपाला पिकवणाऱ्या एका काचेच्या हरितगृहाने तापवण्यासाठी वायूऐवजी लाकडाचा भुसा जाळायला सुरुवात केली. प्रांताच्या एकूण उत्सर्जनाच्या नोंदीत तेवढी घट आपोआप दिसते आणि ती प्रांताच्या उद्दिष्टात धरली जाते. तीच घट क्रेडिट म्हणून विकली की शाळेच्या खात्यातूनही वजा होते. वातावरणात एक टन कमी गेला, कागदावर दोन. क्रेडिटचा अनुक्रमांक रद्द केल्याने तेच क्रेडिट पुन्हा विकलं जाणं थांबतं, पण हा दुसरा प्रकार थांबत नाही.

प्रश्न : जंगलाचं क्रेडिट घेतलं आणि वीस वर्षांनी ते जंगल जळालं तर पैसे परत मिळतात का?

नाही. यासाठी राखीव साठा ठेवतात : प्रत्येक प्रकल्पाने आपल्या क्रेडिटचा काही हिस्सा सामायिक साठ्यात टाकायचा आणि आग, कीड किंवा वादळाने नुकसान झालं की त्यातून भरपाई करायची. हा साठा शंभर वर्षं पुरायला हवा. कॅलिफोर्नियाच्या वन-ऑफसेट योजनेबद्दल २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, आगीच्या धोक्यासाठी बाजूला ठेवलेल्या हिश्श्यापैकी किमान ९५ टक्के क्रेडिट दहा वर्षांच्या आतच वणव्यांनी संपवली होती. साठा ठरवताना जुन्या काळातल्या आगींचं प्रमाण धरलं होतं आणि तापमानवाढीमुळे तेच प्रमाण बदलत होतं. दुसरीकडे शाळेच्या बॉयलरमधून निघालेला वायू हवेत शतकानुशतकं राहतो. कायमच्या उत्सर्जनासमोर जंगलातला तात्पुरता कार्बनसाठा मांडलेला हिशेब मुळातच जुळत नाही.

प्रश्न : ही एका प्रांताची फजिती म्हणून सोडून द्यावी का?

सोडून देता येणार नाही, कारण तेच दोष इतरत्रही दिसले. ऑस्ट्रेलियाने २०१४ मध्ये २५५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा निधी उभारून सरकारी पैशातून क्रेडिट विकत घ्यायला सुरुवात केली. खरेदी उलट्या लिलावाने होई, म्हणजे सर्वांत कमी दर सांगणाऱ्याला कंत्राट. लिलावाचा हा नियम काटकसरीचा वाटतो, पण ज्याला काहीच नवं करायचं नाही तोच सर्वांत कमी दर सांगू शकतो. तोडीचा परवाना असलेल्या जमीनमालकांना ‘तोड करणार नाही’ म्हणून क्रेडिट मिळाली, जरी त्यांतल्या अनेकांचा तोडीचा बेतच नव्हता असं टीकाकार दाखवत होते. कोरड्या चराऊ रानांत गुरं कमी केल्याने झाडं वाढली म्हणून क्रेडिट मिळाली, पण तिथली वाढ चराईपेक्षा पावसावर जास्त अवलंबून असते. याच योजनेच्या दर्जावर देखरेख ठेवणाऱ्या समितीचे माजी अध्यक्ष अँड्र्यू मॅकिंटॉश यांनी २०२२ मध्ये ही टीका जाहीरपणे केली. त्या टीकेनंतर सरकारने फेरतपासणीसाठी नेमलेल्या इयन चब यांच्या समितीचा अहवाल जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. योजनेचा पाया ठीक असल्याचं त्यात म्हटलं होतं, पण तोड टाळण्याच्या पद्धतीखाली नवे प्रकल्प घेऊ नयेत अशी शिफारसही होती.

क्योटो या आंतरराष्ट्रीय हवामान कराराच्या काळातलं एचएफसी-२३ प्रकरण त्याहून बोलकं आहे. एचसीएफसी-२२ हा शीतक वायू बनवताना एचएफसी-२३ हा उपवायू तयार होतो. त्या वेळच्या नियमांनुसार त्याचा एक टन नष्ट केला की ११,७०० क्रेडिट मिळत. मूळ वायूच्या एका टनामागे ३ टक्के उपवायू धरला तर ३५१ क्रेडिट झाली. क्रेडिटला १० युरो भाव असेल तर ३,५१० युरो, तेही नष्ट करण्याचा खर्च अगदी किरकोळ असताना. मूळ मालापेक्षा कचरा महाग झाला आणि कचरा कमी करण्याचं कारणच उरलं नाही. जागतिक बँकेच्या निधीनेही २००६ मध्ये चीनमधल्या अशा दोन कारखान्यांशी करार केले. युरोपीय संघाने मे २०१३ पासून ही क्रेडिट आपल्या बाजारात बंद केली. उपवायू जाळणं कारखान्यांना थेट बंधनकारक केलं असतं तर हाच परिणाम फार थोड्या पैशात मिळाला असता.

प्रश्न : मी एका शैक्षणिक संस्थेच्या इमारत समितीवर आहे. ऑफसेटऐवजी तोच पैसा स्वतःच्या इमारतीवर खर्च केला तर खरंच फरक पडतो का? थंड प्रदेशातलं उदाहरण दिलंत तर बरं होईल, आमचा मोठा खर्च तापवण्यावरच आहे.

पडतो, पण क्रम चुकला तर पडत नाही. वर घेतलेलीच शाळा पुढे नेऊ. २,००० गिगाज्यूल वायू जाळणारा जुना बॉयलर ६५ टक्के कार्यक्षम असेल तर इमारतीला प्रत्यक्षात १,३०० गिगाज्यूल उष्णता मिळते. धुरातली उष्णताही वापरणाऱ्या ९२ टक्क्यांच्या कंडेन्सिंग बॉयलरला तेवढ्यासाठी सुमारे १,४१३ गिगाज्यूल पुरतात. ५८७ गिगाज्यूल वाचले, म्हणजे वर्षाला २९ टन, तेही दरवर्षी, मीटरवर दिसणारे आणि कुणाच्या गृहीतकावर न टांगलेले. शिवाय वायूचं बिल कमी होतं ते वेगळंच.

सुरुवात मात्र बॉयलरपासून करू नका. आधी तीन वर्षांची मीटरची मासिक नोंद काढा आणि त्या त्या महिन्याच्या थंडीशी ताडून पाहा. सुट्टीतही वायू जळत असेल तर दोष नियंत्रणात आहे : रात्री आणि सुट्टीत तापमान उतरवणारा टायमर बंद पडलेला असतो, किंवा कुणीतरी तक्रारीला कंटाळून तो कायमचा ‘चालू’वर ठेवलेला असतो. मग दारं-खिडक्यांच्या फटी आणि नळांवरचं आवरण. ही स्वस्त कामं झाल्यावर उष्णतेची गरज नव्याने मोजा आणि तेवढ्याच क्षमतेचा बॉयलर घ्या. जुन्याची क्षमता पाहून नवा घेतला तर तो गरजेपेक्षा मोठा ठरतो, सतत चालू-बंद होत राहतो आणि पाटीवरची कार्यक्षमता कधीच मिळत नाही.

सर्वांत जास्त फसगत होते ती परतीच्या पाण्याच्या तापमानात. कंडेन्सिंग बॉयलर धुरातल्या वाफेचं पाणी करून तिची उष्णता परत मिळवतो आणि ते परतीचं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच घडतं. जुने रेडिएटर ८० अंशांच्या पाण्यासाठी बसवलेले असतात. तेच तापमान चालू ठेवलं तर महागडा बॉयलर साध्या बॉयलरसारखाच चालतो. बाहेरच्या हवेनुसार पाण्याचं तापमान आपोआप कमी करणारं नियंत्रण लावा आणि लागतील तिथे रेडिएटर मोठे करा. धुरातून निघणारं पाणी आम्लधर्मी असतं, म्हणून ते सोडण्याआधी चुनखडी भरलेल्या डब्यातून जाऊ द्या. निचऱ्याचा नळ बाहेरून नेला असेल तर तो गोठतो आणि ऐन थंडीत बॉयलर बंद पडतो. बाहेरची उष्णता आत खेचणाऱ्या हीट पंपाचा विचार असेल तरी पाण्याचं तापमान उतरवायची ही तयारी वाया जात नाही, कारण त्यालाही तेच लागतं.

ब्रिटिश कोलंबियातही शेवटी याच दिशेने थोडं पाऊल पडलं. शालेय मंडळांसाठी वर्षाला ५० लाख डॉलरचा भांडवली निधी ठेवला गेला, म्हणजे शाळांनी भरलेला पैसा शाळांच्या ऊर्जाबचतीकडे वळला. ट्रस्ट गुंडाळण्याची घोषणा नोव्हेंबर २०१३ मध्ये झाली आणि त्याचं काम पर्यावरण मंत्रालयाकडे गेलं.

प्रश्न : मग ऑफसेट सरसकट बंद करावेत असं तुमचं मत आहे का?

सरसकट नाही. जिथे कायद्याने सक्ती नाही अशा जुन्या कचराभूमीतला मिथेन गोळा करून जाळणं, हे काम क्रेडिटशिवाय बहुधा होत नाही, कारण त्यातून दुसरं उत्पन्न नसतं. जळालेला वायू मीटरवर मोजता येतो आणि तो पुन्हा हवेत येत नाही. अशा टनांना पैसे द्यायला हरकत नाही, पण सक्तीचा कायदा आला की क्रेडिट त्याच दिवशी थांबली पाहिजेत.

सार्वजनिक संस्थेने मात्र ‘न्यूट्रल’ हा दावा सोडावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. दावा करायचा म्हटला की ठरलेल्या तारखेपर्यंत ठरलेले टन गोळा करावेच लागतात. मग खरेदीदार स्वस्त आणि तयार माल शोधतो, विक्रेत्याला तो हवाच असतो आणि तपासणाऱ्यालाही. टन पोकळ निघाला तर या तिघांपैकी कुणाचंच नुकसान होत नाही, म्हणून टेबलापाशी बसलेलं कुणीच नको ते प्रश्न विचारत नाही. टनामागची रक्कम संस्थेच्याच दुरुस्ती निधीत जावी. त्यातूनही बाहेरून क्रेडिट घेतलीच, तर प्रत्येक प्रकल्पाचं नाव, दिलेला दर, प्रकल्पाचा गुंतवणूक निर्णय झाल्याची तारीख आणि क्रेडिटचा पहिला करार झाल्याची तारीख वार्षिक अहवालात एकाच ओळीत छापावी. दुसरी तारीख पहिलीच्या नंतरची असेल, तर ते क्रेडिट हिशेबात धरू नये.